जुनी फियाट तापली की घाटात बंद पडते: करंट गेला की पेट्रोल, हे उभ्या जागी ओळखायची पद्धत

लक्षण बहुतेकांचं एकसारखंच असतं. सकाळी गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते, गावात छान पळते. एप्रिल-मेच्या दुपारी हडपसर सोडून वडकी ओलांडली, दिवे घाटाच्या चढाला दुसऱ्या गिअरवर एखाद्या उसाच्या ट्रकमागे रांगत गेलो, की वरच्या वळणांवर इंजिन झटके खायला लागतं. ॲक्सिलरेटर दाबला तर आणखीच बसतं आणि बंद पडतं. बोनेट उघडून अर्धा तास थांबलं, की काही झालंच नव्हतं अशी सुरू होते आणि सासवडपर्यंत नीट जाते. गॅरेजमध्ये पोहोचते तोवर इंजिन थंड, त्यामुळे सगळं ठीक दिसतं. मग कुणी कार्बोरेटर धुतो, कुणी प्लग बदलतो, कुणी नवा पेट्रोल पंप बसवतो, आणि पुढच्या रविवारी गाडी पुन्हा त्याच वळणावर उभी.

हे सगळं मी मुख्यतः प्रीमियर पद्मिनी आणि तिच्या आधीची फियाट ११०० डिलाइट डोळ्यांपुढे ठेवून लिहितोय. पण पॉइंटवाला डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला पाळीने करंट वाटणारा भाग; पॉइंट म्हणजे त्यातला उघडमीट करणारा स्विच), कॉइल (बॅटरीच्या विजेचा व्होल्टेज ठिणगीपुरता वाढवणारा डबा), इंजिनावर बसवलेला मेकॅनिकल पेट्रोल पंप आणि साधा कार्बोरेटर असलेल्या कुठल्याही गाडीला ते लागू पडतं. ॲम्बॅसिडर, स्टँडर्ड हेरल्ड, पेट्रोल जीप, सगळ्यांची रचना या बाबतीत साधारण सारखीच.

हा बिघाड वर्षानुवर्षं सुटत नाही याचं कारण एकच: तो गाडी गरम असतानाच दिसतो आणि आपण तपासतो ती गाडी थंड झाल्यावर. कॉइल थंड झाली की बरी होते, पंपातली वाफ थंड झाली की पुन्हा पेट्रोल होते, टाकीतला गाळही गाडी उभी राहिली की खाली बसतो. तिन्ही बिघाडांचं बाहेरून दिसणारं रूप एकच, आणि अर्धा तास थांबणं हा तिन्हींवर तात्पुरता उतारा. म्हणून गाडी बंद पडल्यानंतरची पहिली दोन-तीन मिनिटं सगळ्यात मोलाची. त्या वेळात करंट, म्हणजे प्लगला पडणारी ठिणगी, आहे की नाही आणि पेट्रोल आहे की नाही एवढंच बघायचं. हे कळलं की निम्म्याहून जास्त काम झालं. हे न बघता बदललेला प्रत्येक पार्ट म्हणजे अंदाजावर घातलेला पैसा.

पहिल्या दोन-तीन मिनिटांत काय करायचं

गाडी डाव्या कडेला घ्या, हँडब्रेक ओढा, चाकामागे दगड लावा. घाटात वळणावर कधीच थांबू नका, उतारावर मागे सोडून सरळ रस्त्यावर आणा. आग विझवायचा छोटा सिलिंडर सीटखाली असायलाच हवा, कारण पुढे जे करायचं आहे ते गरम इंजिनाशेजारी पेट्रोल हाताळायचं काम आहे. विडी-सिगारेटवाला मदतनीस असेल तर त्याला रस्त्याच्या पलीकडे उभा करा.

आधी करंट बघा. त्यासाठी एक जुना प्लग घरूनच तयार करून ठेवायचा. त्याचा बाजूचा इलेक्ट्रोड वाकवून गॅप पाच-सहा मिमी करा आणि त्याच्या अंगाला क्लिपची एक जाड वायर जोडा. गॅप एवढा मोठा कशाला? उघड्या हवेत दुबळा करंटसुद्धा नेहमीच्या गॅपवरून उडी मारतो, सिलिंडरमध्ये दाबाखाली मात्र मारत नाही. त्यामुळे साधा प्लग बाहेर काढून ‘करंट येतोय’ म्हणणारे बरेच जण इथेच फसतात. कॉइलची मधली जाड वायर डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमधून काढून या प्लगला लावा, क्लिप इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावा, प्लग कार्बोरेटरपासून दूर ठेवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. निळसर पांढरा, टक-टक वाजणारा करंट आला तर कॉइल, कंडेन्सर, पॉइंट ठीक. पिवळा, केसासारखा बारीक आला किंवा आलाच नाही, तर पेट्रोलकडे बघायचीही गरज नाही.

करंट चांगला असेल तर वायर जागेवर लावा आणि पेट्रोल बघा. एअर फिल्टरचं झाकण काढा, इंजिन बंद ठेवून कार्बोरेटरच्या घशात बघत थ्रॉटलचा दांडा एकदाच हाताने ओढा. आत पेट्रोलची बारीक पण सलग धार पडली तर फ्लोट चेंबरमध्ये, म्हणजे कार्बोरेटरच्या पेट्रोल साठवायच्या वाटीत, पेट्रोल आहे. कोरडं निघालं किंवा नुसता फसफस आवाज आला, तर पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत पोहोचत नाहीये. या तपासणीत काही सोडायचं नसतं, सांडायचं नसतं, म्हणून ती पहिली.

इथून तीन वाटा फुटतात. करंट नाही. करंट आहे, पण पेट्रोल नाही. दोन्ही आहेत, पण गाडी सुरू होत नाही आणि पेट्रोलचा भपका येतोय.

पेट्रोल पोहोचत नसेल तर

आपल्याकडे गरम गाडी बंद पडली की पहिला शब्द येतो तो ‘पेट्रोलने हवा धरली’. बऱ्याचदा ते खरंही असतं. पेट्रोल हा एकच पदार्थ नाही. त्यातले सगळ्यात हलके घटक ३५-४० अंशांपासूनच उकळायला लागतात, जड घटक २०० अंशांच्या आसपास. पंप इंजिनाच्या ब्लॉकवर बसलेला असतो आणि तो टाकीतून पेट्रोल ओढतो. ओढणाऱ्या बाजूला दाब कमी, दाब कमी तिथे उकळबिंदू कमी. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, घाट चढून आणखी वर जातो, म्हणजे हवेचा दाबही थोडा कमी. त्यात ट्रकमागे रांगताना इंजिनाचा वेग कमी, समोरून वारा नाही, आणि पेट्रोलचा खपही कमी, म्हणजे तेच पेट्रोल पंपात जास्त वेळ तापत राहतं. एकदा पंपात वाफ झाली की डायफ्रॅम, म्हणजे पंपातला पेट्रोल ढकलणारा पडदा, ती वाफच दाबत-सोडत बसतो.

याची खात्री करायला जुना उपाय उत्तम आहे: ओलं फडकं फक्त पंपाच्या डोक्यावर ठेवायचं. पाणी ओतायचं नाही, कारण शेजारचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर बाहेर नेणारा भाग) ओतीव लोखंडाचा असतो आणि लालबुंद तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं तर त्याला चीर जाते. मिनिटा-दोन मिनिटांत सेल्फ मारल्यावर कार्बोरेटरमध्ये धार आली, तर वाफेचाच त्रास. फडकं ठेवूनही काही फरक नाही, तर पंपाला दोष देऊ नका, पुढे चला.

पुढची गोष्ट म्हणजे टाकीचं झाकण. ते उघडताना कान द्या. आत हवा ओढल्याचा ‘फुस्स’ आवाज आला आणि त्यानंतर गाडी सुरू झाली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. पेट्रोल बाहेर पडेल तेवढी हवा आत यायला हवी. ती आली नाही तर टाकीत निर्वात तयार होतो आणि पंपाची ताकद त्याच्यापुढे अपुरी पडते. गाडी नवी रंगवली की रंगाने भोक बुजतं, शेतावरच्या गाडीत मातीने बुजतं, आणि हौसेने दुसऱ्या गाडीचं चकचकीत क्रोम झाकण बसवलं असेल तर त्याला भोकच नसतं. काही गाड्यांत हवा वेगळ्या नळीतून येते, ती नळी चेपलेली नाही ना हेही बघा.

तरीही नाही? मग गाळ. हा बिघाड उष्णतेचा नाही, पण उष्णतेच्या बिघाडासारखाच वागतो, आणि माझ्या मते जुन्या गाड्या गोळा करणाऱ्यांकडे हाच सगळ्यात जास्त असतो. गाडी कुणाच्या तरी वाड्याच्या बोळात नाहीतर गोठ्याशेजारी दहा-पंधरा वर्षं उभी असते. टाकी आतून गंजते. आपण बाहेरून पत्रा घासतो, क्रोम करून घेतो, सीट शिवून घेतो, आणि टाकी मात्र नळीने पेट्रोल काढून नुसती खंगाळतो. गाडी चालू लागली की गंजाचे पापुद्रे ढवळून ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशी चिकटतात. इंजिन बंद झालं, ओढ थांबली, पापुद्रे गळून खाली बसले, गाडी पुन्हा सुरू. अर्ध्या तासाची वाट बघण्याचं श्रेय थंडाव्याला मिळतं, खरं काम गुरुत्वाकर्षणाने केलेलं असतं.

ओळखायचं असं. पंपाकडे येणारी नळी पंपापासून सोडा, टाकीचं झाकण उघडा आणि सायकलच्या पायपंपाने नळीतून टाकीकडे हळू हवा मारा. आधी अडल्यासारखं वाटून मग एकदम मोकळं झालं आणि टाकीत बुडबुडे वाजले, तर निदान पक्कं. दुसरी खूण म्हणजे हा त्रास थंडीतही, सपाट रस्त्यावरही, विशेषतः टाकी कमी भरलेली असताना होतो. इंजिन आणि टाकी यांच्यामध्ये पारदर्शक फिल्टर असेल तर त्यात तपकिरी चूर दिसेल, पण मोठे पापुद्रे फिल्टरपर्यंत येतच नाहीत, त्यामुळे फिल्टर स्वच्छ दिसला म्हणून टाकीला सोडू नका. उपाय एकच: टाकी उतरवणं, आत छोटे नट किंवा बारीक खडी घालून घुसळणं, गंज काढणाऱ्या द्रावणाने धुणं आणि पूर्ण कोरडी करणं. रिकाम्या टाकीला वेल्डिंगचा डाग द्यायची पाळी आली तर ते काम ओळखीच्या, हे नेहमी करणाऱ्या रेडिएटरवाल्याकडेच द्या. रिकामी दिसणारी टाकी पेट्रोलच्या वाफेने भरलेली असते आणि तिचा स्फोट होतो.

चौथी शक्यता रबरी नळीची. टाकीपासून पंपापर्यंतची बाजू ओढणारी आहे, त्यामुळे तिथे चीर असली तर पेट्रोल गळत नाही, उलट हवा आत येते. जमिनीवर एक थेंब दिसत नाही आणि पंप मात्र पेट्रोलऐवजी हवा ओढत राहतो. रबर गरम झालं की मऊ पडतं, चीर जास्त उघडते, क्लिप सैल होते. इथे सध्याच्या पेट्रोलचा विषय येतो. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या रबराला ते सोसत नाही: नळ्या फुगतात, आतून सोलतात, पंपाचा डायफ्रॅम ताठर होतो. इथेनॉल पाणीही धरून ठेवतं, आणि पुरेसं पाणी जमलं की ते पेट्रोलपासून वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, जिथे ओढणारी नळी असते आणि जिथे गंज धरतो. म्हणून इंधनाच्या सगळ्या रबरी नळ्या बदलायच्या, आणि त्या इथेनॉल सोसणाऱ्या, म्हणजे आतून फ्लुओरो रबराचं अस्तर असलेल्या. दुकानात ‘एसएई जे३० आर९’ असं छापलेली नळी मागा. पंपाच्या दुरुस्तीचं किट घेतानाही डायफ्रॅम इथेनॉलला चालणारा आहे का, हे विचारूनच घ्या.

इथेनॉलमुळे मिश्रण पातळ होतं हेही खरं आहे. नुसत्या पेट्रोलच्या एका भागाला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९ भाग पुरते. २० टक्के मिश्रणात जुन्याच जेटमधून (कार्बोरेटरमधल्या पेट्रोल मोजून सोडणाऱ्या भोकातून) गेलेलं इंधन हवेच्या मानाने कमी पडतं. पातळ मिश्रणाने इंजिन जास्त तापतं. पण जेट मोठा करणं हे शेवटचं काम. नळ्या, पंप, टायमिंग (ठिणगी पडायची वेळ), सगळं जागेवर आल्यावर प्लगचा रंग बघा. पांढराफटक असेल तर एक नंबर मोठा मेन जेट लावा. त्याआधी जेटला हात लावला तर खरा दोष झाकला जातो.

वाफेचा त्रास ठरलाच असेल तर काय करायचं? पेट्रोलची धातूची नळी एक्झॉस्टला खेटून जातेय का बघा, असेल तर दूर वळवून घ्या. पंप आणि ब्लॉक यांच्यामध्ये मुळात बेकलाइटसारख्या उष्णता न वाहणाऱ्या पदार्थाचा जाड तुकडा असतो, कार्बोरेटरच्या खालीही तसाच. पूर्वीच्या कुठल्यातरी ओव्हरहॉलमध्ये तो तुटला आणि त्या जागी नुसतं कागदी गॅस्केट लावलं गेलं, असं फार गाड्यांत सापडतं. तो तुकडा परत मिळवा आणि मूळ जाडीचाच लावा. पंपाखाली जाडी बदलली तर पंपाच्या दांड्याची चाल बदलते आणि पेट्रोल कमी तरी येतं, नाहीतर पंपाचा हात तरी तुटतो. एक्झॉस्ट आणि कार्बोरेटरमध्ये ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा आडोसा कुठलाही पत्रेवाला तासाभरात करून देतो.

भपका येत असेल तर

ही वेगळी गोष्ट आहे आणि उपाय अगदी उलटा. चहाला थांबलात, गाडी बंद केली. पंखा थांबला, रेडिएटरमधलं पाणी फिरायचं थांबलं, आणि बोनेटखालचं तापमान कमी होण्याऐवजी पुढची दहा-पंधरा मिनिटं वाढतच जातं. फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उकळून थेट इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा-पेट्रोल नेणाऱ्या वाटेत, उतरतं. परत आल्यावर सेल्फ मारला तर इंजिन पेट्रोलने भिजलेलं. अशा वेळी चोक ओढायचा नाही, ॲक्सिलरेटर पंप करत बसायचं नाही. पेडल एकदाच पूर्ण दाबून तसंच धरून ठेवायचं आणि सलग सेल्फ मारायचा. हवा आत जाते, जादाचं पेट्रोल निघून जातं, गाडी सुरू होते. वारंवार होत असेल तर फ्लोटची पातळी आणि नीडल व्हॉल्व्ह (फ्लोट चेंबर भरला की पेट्रोल अडवणारी सुई) तपासा. उन्हात थांबलात की बोनेट पहिल्या कडीपर्यंत सैल सोडून ठेवायची सवयही चांगली.

करंटही जोरदार, पेट्रोलही बरोबर, भपका नाही, आणि तरी गरम इंजिन उचलत नसेल, तर टॅपेट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांतला गॅप, बघा. एक्झॉस्टचे टॅपेट घट्ट असतील तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कम्प्रेशन जातं.

करंट जात असेल तर

कॉइलवर हात ठेवा. गरम लागेल, ते ठीक. पण क्षणभरही हात ठेवता येत नसेल तर संशय घ्या. कॉइलच्या आत बारीक तारेचे हजारो वेढे असतात आणि त्यांच्यातलं इन्सुलेशन जुनं झालं की गरम असताना आतल्या आत करंट गळतो. थंड असताना मल्टिमीटर सगळं बरोबर दाखवतो, म्हणून मीटरवर ‘पास’ झालेली कॉइल निर्दोष समजू नका.

बिघडलेल्या कॉइलपेक्षाही मला चुकीची कॉइल जास्त वेळा सापडली आहे. १२ व्होल्टची साधी कॉइल साधारण ३ ओहमची असते. पॉइंट मिटलेले असताना तिच्यातून ४ अँपिअर जातात. बाहेरून रेझिस्टर लावायची कॉइल दीड ओहमची असते. ती रेझिस्टरशिवाय सरळ लावली तर ८ अँपिअर जातात, म्हणजे उष्णता दुप्पट, आणि पॉइंटही जळतात. दिसायला दोन्ही डबे सारखेच. म्हणून कॉइलच्या दोन छोट्या टर्मिनलच्या वायर सोडून मीटर लावा आणि आकडा कॉइलवरच लिहून ठेवा. कॉइल इंजिनाला चिकटवून बसवली असेल तर ती बॉडीवर, हवा लागेल अशा जागी हलवा. इग्निशन चालू ठेवून रेडिओ ऐकत बसायची सवय असेल तर तीही कॉइलच्या मुळावर येते, कारण इंजिन बंद असताना पॉइंट मिटलेले असतील तर करंट अखंड वाहत राहतो.

कंडेन्सर हा डिस्ट्रिब्युटरवरचा बोटाएवढा डबा, सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात बेभरवशाचा पार्ट. तो गरम होऊन गेला की करंट पिवळा पडतो आणि डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून सेल्फ मारला तर पॉइंटच्या तोंडाशी जोरदार ठिणग्या दिसतात. पॉइंटच्या एका तोंडावर टेकडी आणि दुसऱ्यावर खड्डा झाला असेल तरी कंडेन्सरच बघायचा. नवा म्हणजे चांगला असं इथे अजिबात नाही. पंचवीस वर्षं चाललेला जुना कंडेन्सर नव्या किटबरोबर ‘सवयीने’ बदलू नका, चालतोय तोवर चालू द्या. पॉइंटचा गॅप फियाटला ०.४५ मिमीच्या आसपास ठेवा. पॉइंटची टाच झिजून गॅप कमी झाला तर टायमिंग मागे जातं, आणि मागे गेलेलं टायमिंग इंजिन तापवतं.

रस्त्यावर खात्री करायची सोपी युक्ती म्हणजे लांब वायरी जोडलेली दुसरी, तपासलेली कॉइल डिकीत ठेवणं. जुनी न काढता तिच्या वायरी सोडून या कॉइलला लावायच्या, कॉइल बॅटरीशेजारी सुतळीने बांधायची आणि सेल्फ मारायचा. लगेच सुरू झाली तर निकाल लागला. कंडेन्सरचंही तसंच: वायर आणि क्लिप लावलेला कंडेन्सर कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टर्मिनलला जोडून त्याचं अंग इंजिनाला टेकवता येतं, आधी मूळ कंडेन्सरची वायर सोडून.

रंग, क्रोम आणि अर्थिंग

देखणी करून आणलेली गाडी आधी कधी न पडणारी बंद पडायला लागते, यामागे बहुतेक वेळा सजावटच असते. फियाट ११०० ची ही बॉडी मुळात १९५३ ची, फियाटचे अभियंते दान्ते जाकोसा यांच्या देखरेखीखाली इटलीत झालेली. पुढे मागच्या पंखांना टोकं आली, जाळी बदलली, आणि १९६४ मध्ये आपल्याकडे डिलाइट आली. १९७४ पासून पद्मिनी हे नाव मिळालं. तिच्या तोंडाचं सौंदर्य त्या आडव्या जाळीत आहे आणि १०८९ सीसीच्या इंजिनाला हवाही तिथूनच मिळते. त्या जाळीपुढे दोन मोठे फॉग लॅम्प, तुतारीसारखे हॉर्न, क्लबचे बिल्ले, वर एक जाड क्रोम पाइप लावला तर गाडी फोटोत भारदस्त दिसते, पण रेडिएटरचा श्वास कोंडतो. मला मूळ तोंडाची पद्मिनीच जास्त सुंदर वाटते. लॅम्प हवेतच असतील तर ते बंपरच्या पातळीला, जाळीच्या खाली घ्या. रंगकामात रेडिएटरच्या बाजूचे आणि खालचे पत्रे, रबरी पट्ट्या काढून ठेवल्या जातात आणि परत बसवल्या जात नाहीत. मग हवा रेडिएटरमधून न जाता कडेने पळते. तेही शोधून लावा.

आणि अर्थिंग. बॉडी नवी रंगवली, ब्रॅकेटवर पावडर कोटिंग झालं, की इंजिन आणि बॉडी यांच्यामधली अर्थिंगची पट्टी रंगावर बसते. थंड असताना काम भागतं, गरम झाल्यावर रेझिस्टन्स वाढतो आणि करंट दुबळा होतो. तपासणी सोपी आहे: मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर, आणि सेल्फ मारायचा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग खराब. पट्टीखालचा रंग वाटीएवढ्या जागेत खरवडून लोखंड उघडं करा, पट्टी घट्ट बसवा, वरून ग्रीस लावा. डिस्ट्रिब्युटरच्या आतली पॉइंटच्या प्लेटची छोटी विणलेली वायरही तुटलेली नाही ना बघा.

पाण्याबद्दल, शेतावर राहणाऱ्यांसाठी

पुरंदर, मुळशी, भोरकडे शेतावर राहून जुनी गाडी रोजच्या कामाला ठेवणाऱ्यांची संख्या कमी नाही. मला ही निवड मनापासून पटते. गॅरेज वीस-पंचवीस किलोमीटरवर असताना पाने, पक्कड आणि मल्टिमीटर एवढ्यावर दुरुस्त होणारी गाडी हाताशी असणं म्हणजे खरी मोकळीक. पद्मिनी अंजिराचे क्रेट वाहते, विहिरीच्या मोटारीचा स्टार्टर दुरुस्तीला नेते, आणि तिचा कुठलाही भाग उघडून बघता येतो. मात्र एक गोष्ट तिथे हमखास चुकते: रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर. ते उकळून-आटून इंजिनाच्या आत आणि रेडिएटरच्या नळ्यांत पांढरा थर धरतात. मग इंजिन जास्त तापतं, बोनेटखाली सगळंच जास्त तापतं आणि वर सांगितलेले सगळे दोष उघडे पडतात. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट वापरा. पावसाळ्यात शेडच्या पत्र्यावरून पडणारं पाणी, पहिल्या दोन-तीन सरी जाऊ देऊन, स्वच्छ फडक्यातून गाळून कॅनमध्ये भरून ठेवलं तर वर्षभर टॉप-अपला पुरतं. रेडिएटरच्या बाहेरच्या जाळीत भुसा आणि किडे अडकतात. ते इंजिनाच्या बाजूने पुढे हवा मारून काढा. गरम रेडिएटरचं झाकण कधीच उघडू नका.

पावसाळ्यात गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर टाकी एकतर पूर्ण भरून ठेवा किंवा पूर्ण रिकामी आणि कोरडी. अर्धी टाकी म्हणजे वरच्या रिकाम्या पत्र्यावर दमट हवा, आणि वर सांगितलेल्या गंजाची सुरुवात.

इलेक्ट्रिक पंप लावावा का

वाफेच्या त्रासावर तो हुकमी उपाय आहे, कारण टाकीजवळ बसून पेट्रोल ढकलतो आणि ढकललेल्या पेट्रोलवर दाब असल्याने ते सहज उकळत नाही. पण दाब अडीच-तीन पीएसआयच्या आसपासचाच हवा. इंजेक्शनच्या आधुनिक गाडीचा पंप लावला तर त्याच्या दाबापुढे नीडल व्हॉल्व्ह टिकत नाही आणि पेट्रोल कार्बोरेटरमधून बाहेर उसळतं. अपघातात किंवा इंजिन बंद पडल्यावर पंप आपोआप थांबेल असा ऑइल प्रेशरवर चालणारा स्विच लावल्याशिवाय हा पंप लावू नका. आणि मूळ पंप फेकू नका. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा विंटेज नंबर मिळतो, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल नसतील तरच. सुरुवातीच्या पद्मिनी आता त्या वयाच्या झाल्या आहेत. त्यामुळे जे काही लावाल ते नट-बोल्टने लावा, नवं भोक न पाडता, परत काढता येईल असं.

पार्टसाठी पुण्यात नाना पेठेत फिरताना जुना पार्ट बरोबर न्या आणि शेजारी ठेवून जुळवा, नुसतं नाव सांगून काम होत नाही. बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात जुन्या बनावटीची कॉइल किंवा डिस्ट्रिब्युटर मिळाला तर घ्या, पण घरी आणून गाडीला लावा, घाट चढवा, आणि गरम इंजिनावर टिकली तरच तिच्यावर ‘तपासली’ असं लिहून डिकीत ठेवा.